‘मजकूर बदलतो’

मी पोटासाठी माहितीपुस्तिका लिहितो. आधी पुण्यात एका छापखान्यात मुद्रितशोधक होतो. छापखाना बंद पडल्यावर सॉफ्टवेअर कसे वापरावे हे समजावणारी पुस्तके लिहू लागलो, अर्थात इंग्रजीत. त्या धंद्यात मराठीला काम नाही. ही पुस्तके कोणी वाचत नाही हे मला पहिल्या वर्षीच कळले. माणूस आधी बटणे दाबून पाहतो, मग शेजारच्या टेबलावरच्याला विचारतो आणि दोन्ही उपाय थकले तरच पुस्तिका उघडतो. गेल्या दोन वर्षांत मात्र मला एक असा वाचक मिळाला आहे, जो माझा शब्दन् शब्द वाचतो, दर वेळी पहिल्यापासून वाचतो आणि मी लिहिले तेच प्रमाण मानून कामाला लागतो. तो माणूस नाही. या वाचकासाठी लिहिलेल्या माझ्या दोन शब्दांच्या एका वाक्यामुळे एका बाईंच्या आत्मकथनातली दोन माणसे एकमेकांत मिसळून गेली. ती हकिकत आणि तिच्या निमित्ताने हा नवा लेखनप्रकार काय आहे, हे इथे सांगायचे आहे.

‘एजंट’ म्हटले की आपल्याला आरटीओच्या फाटकाशी उभा असलेला किंवा विम्याचे कागद घेऊन घरी येणारा माणूस आठवतो. कृत्रिम बुद्धिमत्तेतला एजंट त्याहून फार वेगळा नाही. आपण काम सांगायचे, खेटे त्याने घालायचे. त्याच्या मुळाशी असते एक भाषा-मॉडेल, आणि भाषा-मॉडेलाला स्वतःहून फक्त मजकूर लिहिता येतो. ते फाइल उघडू शकत नाही, तिच्यात एक काना घालू शकत नाही. म्हणून त्याच्याभोवतीचा प्रोग्राम त्याच्यापुढे साधनांची एक यादी ठेवतो. ‘अमुक साधन अमुक माहिती देऊन चालवा’ असे मॉडेल लिहून देते, प्रोग्राम ते चालवतो, जे घडले ते पुन्हा मजकुराच्या रूपात मॉडेलाला कळवतो. ते वाचून मॉडेल पुढची पायरी ठरवते. काम संपेपर्यंत हे चक्र फिरत राहते.

यादीतल्या प्रत्येक साधनाबद्दल साधारण तीन गोष्टी लिहिलेल्या असतात: नाव, वर्णन आणि कोणकोणती माहिती द्यावी लागते त्याचा तक्ता. नोव्हेंबर 2024मध्ये अँथ्रॉपिक या कंपनीने ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ नावाची पद्धत जाहीर केली. आज बरीच साधने ज्या साच्यात लिहिली जातात तो हाच. माझे काम त्यातले वर्णन लिहिणे. एजंटाला त्या साधनाबद्दल जे कळते ते एवढेच. बटणावर धुरकट झालेला रंग त्याला दिसत नाही, ‘हे नको दाबूस, परवा माझा सगळा अहवाल गेला’ असे सांगणारा सहकारी त्याला नाही आणि वेगळी सोय केलेली नसेल तर कालचा अनुभव त्याच्या लक्षात नसतो. वर्णनात जे लिहिलेले नाही तिथे तो गप्प बसत नाही, ही यातली खरी ग्यानबाची मेख. जगातल्या असंख्य सॉफ्टवेअरांबद्दल जे वाचून तो तयार झाला, त्यातून त्या शब्दाचा सर्वात रुळलेला अर्थ उचलून तो मोकळी जागा भरतो. बहुतेक वेळा तो अर्थ बरोबर निघतो, म्हणून आपण निश्चिंत होतो.

आता हकिकत. माझ्या एका जुन्या मित्राच्या आई कऱ्हाडजवळच्या एका खेड्यात वाढल्या. उतारवयात त्यांनी वह्यांमध्ये आठवणी लिहिल्या. पहिली नऊ प्रकरणे त्यांच्या हातची आहेत. दहावे लिहायच्या आत हात थरथरू लागला, म्हणून ते त्यांनी सांगितले आणि मित्राने थेट संगणकावर टंकले. पुढच्या उन्हाळ्यात त्या गेल्या. आठवणींत दोन वडीलधारी माणसे सतत येतात. एक त्यांचे वडील, ज्यांना त्या ‘आबा’ म्हणतात. दुसरे गावच्या शाळेचे मुख्याध्यापक, ज्यांना त्या न चुकता ‘आबासाहेब’ म्हणतात. पुस्तकाचा गाभाच हा आहे की मुलीला शाळेत ठेवावे की नाही यावर या दोघांचे वर्षानुवर्षे काय चालले होते.

मित्राने प्रस्तावना लिहिली ती मुख्याध्यापकांवर. गावातले लोक त्यांनाही आबाच म्हणत, म्हणून प्रस्तावनेत त्याने ‘आबा’ असे लिहिले. नंतर त्याच्या लक्षात आले की वाचकाचा घोटाळा होईल. मी ज्या कंपनीसाठी वर्णने लिहितो तिचे संपादनाचे सॉफ्टवेअर मीच त्याला दिले होते. त्याने एजंटाला सांगितले, प्रस्तावनेतल्या ‘आबा’चे ‘आबासाहेब’ करून दे. निरोप आला, प्रस्तावनेतील बदल पूर्ण झाला. त्याने प्रस्तावना वाचून पाहिली. ठीक होती.

तीन आठवड्यांनी त्याचा फोन आला. “अरे, हे ‘आबासाहेबळ’ काय आहे? चौथ्या प्रकरणात आई म्हणते, आई आजारी पडली तेव्हा आम्हा पोरांची फार आबासाहेबळ झाली.” आम्ही दोघे मनापासून हसलो. पुढे ‘आबासाहेबलवृद्ध’ही सापडले. मग तो एकदम थांबला, आणि मीही.

एजंटाने काय केले याची नोंद राहते, ती मी मागवून वाचली. पहिल्या पायरीवर त्याने ‘मजकूर बदल’ हे साधन घेतले: जुना मजकूर ‘आबा’, नवा ‘आबासाहेब’. उत्तर आले, ‘यशस्वी’. हे साधन संपूर्ण दस्तऐवजावर चालते हे त्याला कुणी सांगितले नव्हते. प्रस्तावना परत वाचताना त्याला एके ठिकाणी ‘आबासाहेबसाहेब’ दिसले, कारण तिथे मित्राने मुळातच पूर्ण नाव लिहिले होते. कोणत्याही दक्ष मदतनिसाने केले असते तेच त्याने केले: ‘आबासाहेबसाहेब’च्या जागी ‘आबासाहेब’. पुन्हा ‘यशस्वी’. पहिल्या पायरीनंतर निदान मूळचे आबासाहेब ‘साहेबसाहेब’ म्हणून ओळखू येत होते आणि काम उलटवता आले असते. दुसऱ्या पायरीने तीही खूण पुसली. आता जिथे नावाला विभक्ती लागलेली नव्हती तिथे पुस्तकभर एकच माणूस होता. बाप आणि मास्तर, दोघांनाही आदरार्थी बहुवचन, त्यामुळे क्रियापदावरून ओळखण्याचीही सोय नाही.

त्या साधनाचे मी लिहिलेले वर्णन, मराठीत सांगायचे तर, एवढेच होते: ‘मजकूर बदलतो.’

छापखान्यातली एक गोष्ट इथे आठवते. नवखा असताना मी गॅलीच्या समासात एका शब्दाची दुरुस्ती करून खाली लिहिले, ‘सगळीकडे’. तासाभराने कंपोझिटर गॅली घेऊन माझ्यापुढे उभा. “सगळीकडे म्हणजे कुठवर हो भाऊ? या पानात, या प्रकरणात, का आख्ख्या पुस्तकात?” मला राग आला होता, कारण प्रश्न बरोबर होता. कंपोझिटर विचारायला येत असे याच्या भरवशावर आम्ही किती आळशी सूचना लिहीत होतो, हे मला चाळीस वर्षांनी कळले. एजंटही विचारू शकतो, पण प्रश्न पडायला आधी संदिग्धता दिसावी लागते. ‘मजकूर बदलतो’ या वाक्यात ती दिसत नाही. ते अगदी स्वच्छ वाक्य आहे.

मग मी ते वर्णन नव्याने लिहायला बसलो आणि लक्षात आले की ‘बदलणे’ या क्रियेबद्दल मलाच फारसे ठाऊक नव्हते.

शब्द जुळला असे कधी म्हणायचे, इथूनच सुरुवात. इंग्रजीसाठी बनवलेल्या साधनांत ‘फक्त पूर्ण शब्द जुळवा’ अशी सोय असते आणि तिथे ती पुरते. मराठीत ती लावली तर ‘आबांनी’, ‘आबांचा’, ‘आबांकडे’ यांतले एकही रूप सापडणार नाही, कारण आपल्याकडे विभक्ती शब्दाला चिकटून येते. ती न लावावी तर ‘आबाळ’ सापडते. म्हणजे हे साधन मराठी मजकुरावर या ना त्या बाजूने चुकणारच. वर्णनाने ते झाकण्यापेक्षा कबूल करावे, मग एजंट निदान सापडलेल्या जागा आधी वाचून पाहील.

त्याच्याही खालचा थर लिपीचा. ‘कऱ्हाड’ हा शब्द घ्या. त्यातला अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिला जातो. एकात ऱ हे वेगळे अक्षर आणि हलन्त. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह. कागदावर दोन्ही एकसारखी. संगणकाला मात्र ते दोन निराळे शब्द आहेत, आणि मजकूर प्रमाणित करून घेण्याची युनिकोडची जी ठरलेली रीत आहे, तिनेही हा भेद मिटत नाही. मित्राने नऊ प्रकरणे एका कळफलकावर टंकली होती, दहावे दुसऱ्या. ‘कऱ्हाड’ शोधले की साधन अर्ध्याच जागा दाखवी. वाचणाऱ्याला वाटावे, शेवटच्या प्रकरणात आईला गावाची आठवणच झाली नाही.

शब्द सोडून जागेचा आकडा द्यावा म्हटले तर तिथेही तेच. ‘क्षि’ हे आपल्या लेखी एक अक्षर. संगणकाच्या लेखी क, हलन्त, ष आणि वेलांटी मिळून चार. ‘दहाव्या अक्षरानंतर’ म्हणजे कोणत्या मोजणीने? गूगल डॉक्सचे दस्तऐवज प्रोग्रामकडून बदलायचे असतील तर सगळ्या जागा यूटीएफ-16 या सांकेतिक पद्धतीच्या एककांत मोजाव्या लागतात आणि हे त्यांच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेले आहे. शिवाय एकाच फेरीत अनेक बदल करायचे असले तर शेवटाकडून सुरुवातीकडे यावे, असा सल्लाही तिथे आहे. वर दोन अक्षरे घातली की खालचे सगळे आकडे सरकतात. ही गोष्ट ज्याला कुणी सांगितली नाही तो एजंट पहिला बदल अचूक करतो आणि पुढचे सगळे किंचित चुकीच्या जागी.

‘पाचव्या ओळीवर घाला’ म्हणजे पाचवीच्या आधी की नंतर? अँथ्रॉपिकच्या मजकूर-संपादन साधनात हा प्रश्न ठरवून टाकला आहे: दिलेल्या ओळीनंतर, आणि अगदी वर घालायचे असेल तर ओळ शून्य. वाचताना मला पाणिनी आठवला. अष्टाध्यायीच्या पहिल्या अध्यायाच्या पहिल्याच पादात त्याने एकापाठोपाठ दोन परिभाषासूत्रे दिली आहेत: सप्तमीत सांगितले असेल तर कार्य त्याच्या आधी येणाऱ्यावर, पंचमीत सांगितले असेल तर नंतर येणाऱ्यावर. पुढची शेकडो सूत्रे याच बोलीवर चालतात. नियम कसा वाचायचा याचा नियम त्याने आधी दिला, म्हणून पुढे तो इतका मोजका राहू शकला. याहून जास्त साम्य काढण्याचा मोह मी आवरतो. पाणिनीला संगणकतज्ज्ञ ठरवणारे लेख आपल्याकडे पुरेसे आहेत.

वर्डची फाइल आतून पाहिली की आणखी एक चकवा कळतो. ‘डॉक्स’ हे शेपूट असलेली फाइल म्हणजे खरे तर एक गाठोडे असते. प्रत काढून तिचे शेपूट ‘झिप’ असे करा आणि उघडा. आत बऱ्याच फाइली दिसतील. मुख्य मजकूर एका फाइलीत, तळटिपा दुसरीत, टिप्पण्या तिसरीत. मुख्य मजकुरात परिच्छेद, आणि परिच्छेदाच्या आत एकसारखे रूप असलेले तुकडे. या तुकड्यांना वाक्याशी काही देणेघेणे नसते. अर्धा शब्द ठळक करून पुन्हा साधा केला, मध्येच एखादी दुरुस्ती केली, एवढ्यानेही ‘आबासाहेब’चे ‘आबा’ आणि ‘साहेब’ असे दोन तुकडे होऊ शकतात. जे साधन तुकड्या-तुकड्यात शोधते त्याला अख्खे ‘आबासाहेब’ तिथे नाहीच. पडद्यावर माणसाला स्पष्ट दिसणारा शब्द साधन म्हणते सापडला नाही, आणि वर्णनात या प्रकाराचा उल्लेख नसेल तर एजंट तो शब्द दस्तऐवजात नाही असे धरून पुढे जातो.

याच फाइलीत बदलांची नोंद ठेवण्याचीही व्यवस्था आहे. घातलेला मजकूर आणि खोडलेला मजकूर वेगळ्या खुणांत राहतो, कोणी आणि केव्हा बदलला यासकट. समासात लाल शाईने केलेल्या दुरुस्तीचाच हा वारस. आमच्या साधनातही ती सोय होती. ती मुळात बंद असते, चालू करावी लागते, एवढे वाक्य मी वर्णनात लिहायचे सोडले होते. जे सांगितले नाही तर काय होते, ही पूर्वनिश्चित किंमत लिहिणे कंटाळवाणे असते. माझ्या मते वर्णनातली सर्वात महत्त्वाची ओळ तीच.

साधन चुकले की काय बोलते हाही वर्णनाचाच भाग मानायला मी उशिरा शिकलो. युनिक्सवरचा ‘एड’ हा जुना संपादक चूक झाली की फक्त एक प्रश्नचिन्ह छापत असे. समोर बसलेला माणूस डोके खाजवून काय चुकले ते शोधून काढी. त्याच युनिक्सच्या पहिल्या पुस्तिकेत, नोव्हेंबर 1971च्या, आज्ञेच्या माहितीखाली तिच्यातले ज्ञात दोष सांगण्यासाठी वेगळा रकाना होता. हा प्रामाणिकपणा पुढच्या चकचकीत पुस्तिकांनी सोडला, आणि एजंटांमुळे तो परत आणावा लागतो आहे. एजंटाच्या दृष्टीने ‘यशस्वी’ हेही एक प्रश्नचिन्हच. ‘संपूर्ण दस्तऐवजात दोनशेहून अधिक जागा बदलल्या’ असे उत्तर पहिल्या पायरीला आले असते, तर केवळ प्रस्तावना हाताळणाऱ्या एजंटाला शंका यायला वाव होता. आधी उल्लेखलेल्या मजकूर-संपादन साधनात जुना मजकूर फाइलीत नेमका एकदाच असावा लागतो. अनेकदा आढळला तर ते काही न बदलता तसे कळवते. मग एजंट आजूबाजूचे शब्द जोडून नेमकी जागा दाखवतो. हे थोडे जाचक आहे. मला आता असा जाच आवडतो.

मग सगळेच लिहून का टाकू नये? कारण यादीतल्या साधनांची वर्णने साधारणतः एजंटाच्या डोळ्यांपुढे कामभर उघडी असतात आणि त्याच्या लक्षात राहण्याच्या जागेलाही मर्यादा आहे. पन्नास साधनांची पानभर वर्णने दिली तर कोणते साधन घ्यावे यातच त्याचा गोंधळ होतो. म्हणून नावावरून जे उघड आहे ते गाळायचे आणि रुळलेल्या अर्थापासून आपले साधन जिथे वेगळे वागते तेवढे सांगायचे. मी अनेक मसुदे केले. तिसऱ्या मसुद्याशी अडलो, कारण ‘हे साधन मूळ फाइलीवरच लिहिते आणि किती जागा बदलल्या ते सांगत नाही’ हे वाक्य लिहायची लाज वाटू लागली. ते वाक्य घेऊन मी प्रोग्राम लिहिणाऱ्या मुलीकडे गेलो. ती म्हणाली, “काका, हे असं लिहिलंत तर कोणी वापरणारच नाही.” मग तिने साधनच बदलले. आजचे वर्णन मराठीत साधारण असे होईल:

‘दिलेल्या भागात जुना मजकूर जिथे जिथे असेल तिथे नवा घालते. भाग सांगणे सक्तीचे. संपूर्ण दस्तऐवज हवा असल्यास तसे लिहावे. शब्दाच्या पोटातले तुकडेही जुळतात: ‘आबा’ शोधल्यास ‘आबाळ’ही बदलेल. किती जागा बदलणे अपेक्षित आहे तो आकडा द्यावा; आकडा जुळला नाही तर काहीही न बदलता सापडलेल्या जागा दाखवते. तळटिपा आणि टिप्पण्यांत शोधत नाही. मूळ फाइल तशीच ठेवून नवी प्रत करते. बदलांची नोंद चालू असते. बंद करायची असल्यास सांगावे.’

‘आबाळ’चे उदाहरण इंग्रजी वर्णनातही देवनागरीतच ठेवले आहे. एका परीक्षकाने ते काढून सोपे इंग्रजी उदाहरण द्या म्हणून सुचवले. मी काढले नाही. सोप्या उदाहरणात ही चूक दिसतच नाही.

याच प्रोटोकॉलमध्ये 2025च्या मार्चपासून साधनाला खुणेचे शिक्केही मारता येतात: हे फक्त वाचते, हे नाश करू शकते, वगैरे. काहीच लिहिले नाही तर बदल करणारे साधन नाश करू शकते असेच धरायचे, असा तिथे संकेत आहे. चांगला संकेत आहे. पण शिक्का काय नष्ट होईल ते सांगत नाही. ते वाक्यातच सांगावे लागते.

मित्राचे पुस्तक यंदा निघाले. पहिली नऊ प्रकरणे आम्ही दोघांनी वह्या समोर ठेवून ओळ न ओळ ताडून पाहिली. पावसाळ्याचे दोन महिने गेले. दहाव्या प्रकरणाला वही नव्हती. त्यात सतरा जागी ‘आबासाहेब’ होते. शाळा, फळा, छडी आली तिथे मास्तर. गोठा, विहीर आली तिथे वडील, असे करत तेरा जागा सुटल्या. त्याच्या इस्लामपूरच्या मावशीला विचारून आणखी तीन. राहिली एक. फायनलच्या परीक्षेच्या फीचे पैसे आबासाहेब कोणाला न सांगता भरून आले, असे ते वाक्य आहे. मावशी फोनवर बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “आबांकडे तेव्हा पैसे नव्हते रे. पण विकली होती एक म्हैस त्या साली.”

त्या वाक्याला मित्राने स्वतःच्या हाताने टंकून तळटीप जोडली आहे: येथे मूळ शब्द ‘आबा’ होता की ‘आबासाहेब’, हे निश्चित करता आले नाही.